८०८५ किट + ८२५५ + स्टेपर: मोटर नुसती थरथरून राहिली, फिरतच नाही

पाचवं सेम, ईटीसी

नमस्कार. प्रॅक्टिकलचा प्रयोग आहे ८०८५ मायक्रोप्रोसेसरला ८२५५ या पोर्टच्या चिपमधून स्टेपर (पावलापावलानं फिरणारी) मोटर जोडायचा. कॉलेजच्या किटसोबत येणारं मोठं मोटरचं मॉड्यूल बंद पडलं आहे, म्हणून नागपूरच्या बर्डीवरून २८बीवायजे-४८ ही छोटी पाच वायरींची मोटर आणि तिच्यासोबतचा यूएलएन२००३ चा ड्रायव्हर बोर्ड (पोर्टच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा) आणला. किटचा क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्‌झ, रॅम २००० पासून, पोर्ट ए ००एच (एच म्हणजे हेक्स आकडा) वर, कंट्रोल रजिस्टर ०३एच वर.

पीए० ते पीए३ हे ओळीनं आयएन१ ते आयएन४ ला जोडले. कंट्रोल वर्ड ८०एच, म्हणजे सगळी पोर्ट आउटपुट. प्रोग्रॅम जर्नलमधलाच आहे: २१००एच पासून ०ए, ०६, ०५, ०९ हा तक्ता, एचएल रजिस्टर-जोडीनं एकेक बाइट उचलायचा, पोर्टवर टाकायचा, डिले, पुढचा बाइट, चार झाले की पुन्हा पहिल्यापासून. डिले डीई जोडीवर, काउंट ०२८०एच.

बोर्डावरचे चारही एलईडी लुकलुकतात. मोटर हातात धरली तर थरथरते, पण शाफ्ट जागचा हलत नाही. डिले ०५०० केला, १००० केला, थरथर हळू झाली इतकंच. मोटर बदलून पाहिली, तेच. हे काहून होऊन राहिलं, सांगा ना कोणी. प्रॅक्टिकलला आठवडा उरला आहे.

टी-स्टेट

प्रोग्रॅम बरोबर आहे, मोटरही बरोबर आहे. जर्नलमधला क्रम या मोटरच्या वायरिंगचा नाही, एवढीच गडबड आहे.

०ए, ०६, ०५, ०९ हे बायनरीत एकाखाली एक लिहून पाहा:

१०१०
०११०
०१०१
१००१

डावीकडचे दोन बिट कायम एकमेकांच्या उलट आहेत, आणि उजवीकडचे दोनही तसेच. याचा अर्थ क्रम लिहिणाऱ्यानं धरलं आहे की डी३ आणि डी२ ही एकाच वाइंडिंगची दोन टोकं, आणि डी१ व डी० ही दुसऱ्या वाइंडिंगची. लॅबमधल्या मोठ्या मोटरच्या मॉड्यूलला जोडणी तशीच असते, म्हणून तिथे हा क्रम चालतो.

तुमच्या बोर्डावर आयएन१ निळी, आयएन२ गुलाबी, आयएन३ पिवळी, आयएन४ नारिंगी, आणि लाल ही मधली सामाईक वायर. इथे निळी-पिवळी ही एका वाइंडिंगची टोकं आणि गुलाबी-नारिंगी दुसऱ्याची. जोडी शेजाऱ्याशी नाही, एक सोडून पुढच्याशी आहे. आता तुमचा तक्ता चालवा. ०ए टाकलं की गुलाबी आणि नारिंगी एकदम चालू, दोघींचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारून टाकतं, रोटरवर जोर शून्य. ०५ ला निळी-पिवळीचं तेच. उरले ०६ आणि ०९. हे दोन्ही खरा जोर लावतात, पण बरोबर विरुद्ध दिशांना, आणि मधल्या पावलात रोटरला कोणत्या बाजूनं वळायचं ते सांगणारं काहीच नाही. म्हणून तो जागच्या जागी थरथरतो. डिले कितीही वाढवला तरी हे सुटणार नाही.

तक्त्यात ०३, ०६, ०सी, ०९ भरा. शेजारच्या दोन कॉइल एका वेळी चालू, दर पावलाला जोडी एकानं सरकते. उलट फिरवायची तर तक्ता उलटा वाचा.

मल्टिमीटरनं जोड्या शोधायला जाऊ नका. पाच वायरींच्या मोटरमध्ये दोन्ही वाइंडिंगचे मध्य आतच एकत्र जोडलेले असतात, त्यामुळे लालपासून कोणत्याही रंगाला साधारण ५० ओहम आणि कोणत्याही दोन रंगांमध्ये साधारण १०० ओहमच दिसतात. सहा वायरींच्या मोटरमध्ये मात्र मीटर जोडी दाखवतो, कारण तिथे मधल्या वायरी वेगळ्या असतात. इथे खात्री करायची सोपी रीत म्हणजे ०१, ०२, ०४, ०८ असा एकेका कॉइलचा क्रम चालवून बघणं. त्यावर फिरली तर वायरींचा क्रम बरोबर.

खरं तर तक्त्याचीही गरज नाही. ३३एच अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (ए रजिस्टरमध्ये) घ्या आणि आरएलसी (आठ बिट एक घर डावीकडे फिरवणारी सूचना) करत जा: ३३, ६६, सीसी, ९९, पुन्हा ३३. खालचे चार बिट आपोआप ३, ६, सी, ९ होतात. आरएलसीच घ्या, आरएएल नको. आरएएल कॅरीला मध्ये ओढतं, आठऐवजी नऊ बिट फिरतात आणि दोन-चार पावलांत नमुना मोडतो.

पाचवं सेम, ईटीसी

भाऊ, तक्ता बदलला आणि फिरली! खूप आभार.

मग आरएलसीवाला प्रकार केला. एमव्हीआय ए, ३३एच, आउट ००एच, कॉल डिले, आरएलसी, जेएमपी परत आउटवर. पण आता मोटर एकदा टक् करते आणि गप्प. एलईडीही सगळे विझतात. डिले तोच आहे जो तक्त्यासोबत चालत होता.

लॅबचं टेबल

डिलेच्या आत बघा. एलएक्सआय डी, डीसीएक्स डी, मूव्ह ए-डी, ओआरए ई, जेएनझेड: डीई भरा, एकानं कमी करा, डी ला ए मध्ये घ्या, ई शी ऑर करा, शून्य नसेल तर परत. लूपमधून बाहेर पडायची अट काय? डी आणि ई दोन्ही शून्य. म्हणजे डिले संपतो तेव्हा ए मध्ये ००च असतं. शून्याला कितीही फिरवलं तरी शून्य. तक्ता वापरत होतात तेव्हा दर वेळी ए मेमरीतून नव्यानं भरला जात होता, म्हणून ही चूक दिसली नाही.

मूव्ह आणि ओआरए काढून टाकायचा मोह होईल. तसं करू नका. डीसीएक्स कोणताही फ्लॅग (मागच्या निकालाची खूण) बदलत नाही, झिरो फ्लॅगसुद्धा नाही. डीसीएक्सनंतर लगेच जेएनझेड लिहिलं तर ते आधीचा शिळा फ्लॅग बघतं: एक तर लूप पहिल्याच फेरीत सुटतो, नाही तर कधीच सुटत नाही. व्हायव्हात हा प्रश्न फार विचारतात, आणि उत्तर पाठ असूनही विद्यार्थी प्रोग्रॅममध्ये तीच चूक करतात.

डिलेच्या सुरुवातीला पुश पीएसडब्ल्यू आणि शेवटी पॉप पीएसडब्ल्यू घाला, म्हणजे ए आणि फ्लॅग स्टॅकवर जपले जाऊन परत मिळतात. पूर्ण प्रोग्रॅम किटवर भरायच्या रूपात देतो:

२०००: ३१ ०० २७ – एलएक्सआय एसपी, २७००एच
२००३: ३ई ८० – एमव्हीआय ए, ८०एच
२००५: डी३ ०३ – आउट ०३एच
२००७: ३ई ३३ – एमव्हीआय ए, ३३एच
२००९: डी३ ०० – आउट ००एच
२००बी: सीडी १२ २० – कॉल २०१२एच
२००ई: ०७ – आरएलसी
२००एफ: सी३ ०९ २० – जेएमपी २००९एच
२०१२: एफ५ – पुश पीएसडब्ल्यू
२०१३: ११ ८० ०२ – एलएक्सआय डी, ०२८०एच
२०१६: १बी – डीसीएक्स डी
२०१७: ७ए – मूव्ह ए, डी
२०१८: बी३ – ओआरए ई
२०१९: सी२ १६ २० – जेएनझेड २०१६एच
२०१सी: एफ१ – पॉप पीएसडब्ल्यू
२०१डी: सी९ – आरईटी

एकूण ३० बाइट. हातानं भरताना पत्त्याचा खालचा बाइट आधी: १२ २०, २० १२ नाही. निम्मे प्रोग्रॅम इथेच भरकटतात.

पहिली ओळ सोडू नका. एसपी (स्टॅक पॉइंटर) रॅम नसलेल्या जागेकडे रोखलेला असेल तर कॉलनं ठेवलेला परतीचा पत्ता कुठेच साठत नाही. रिकाम्या बसवरून बहुतेक वेळा एफएफ वाचलं जातं, आरईटी एफएफएफएफ पत्त्यावर उडी मारतं, तिथेही एफएफ मिळालं तर ते आरएसटी ७ ठरून प्रोसेसर ००३८एच वर जातो, म्हणजे मॉनिटर प्रोग्रॅमच्या हद्दीत. किट ‘आपोआप रीसेट झालं’ अशी तक्रार येते तेव्हा एसपी आधी तपासा. तुमच्या किटची रॅम २७००एच पर्यंत नसेल तर आकडा त्याप्रमाणे बदला.

घरी किट नसेल तर ग्नूसिम८०८५ या सिम्युलेटरमध्ये एकेक सूचना चालवून बघा. ए मधलं ३३ कोणत्या ओळीला पुसलं जातं ते डोळ्यांसमोर दिसतं.

टी-स्टेट

जर्नलमध्ये डिलेचं गणितही मांडा, मार्क तिथे असतात. ६.१४४ चा क्रिस्टल आतमध्ये दोननं भागला जातो, घड्याळ ३.०७२ मेगाहर्ट्‌झ. लूपची एक फेरी: डीसीएक्स ६, मूव्ह ४, ओआरए ४, जेएनझेड उडी घेताना १०, बेरीज २४ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके). ५ मिलिसेकंद म्हणजे १५,३६० टी-स्टेट, भागिले २४, बरोबर ६४०, म्हणजे ०२८०एच. अर्ध्या सेकंदाला ६४,०००, म्हणजे एफए००एच. या क्रिस्टलवर आकडे इतके नेटके येतात की उत्तर तिरपं आलं तर चूक आपलीच समजावी. कॉल, पुश, पॉप, आरईटी आणि बाकीच्या सूचना मिळून ८१ टी-स्टेट जास्तीचे होतात, साधारण २६ मायक्रोसेकंद. मोटरला त्यानं फरक पडत नाही, पण विचारलं तर सांगता यावं.

आधी क्रिस्टलच्या डबीवरचा आकडा वाचा मात्र. ६.००० असेल तर एक फेरी ८ मायक्रोसेकंदांची आणि ५ मिलिसेकंदांना काउंट ६२५, म्हणजे ०२७१एच.

या मोटरला २ मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नका. रोटर मागे पडतो आणि पुन्हा थरथर सुरू होते, तेव्हा वाटतं क्रमच चुकला.

सोल्डरची तार

प्रोग्रॅमचं झालं, आता विजेचं बोलतो, कारण प्रॅक्टिकलच्या दिवशी घात तिथे होतो.

मोटरचे ५ व्होल्ट किटमधून घेऊ नका. वेगळे घ्या आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडा. ग्राउंड जोडलं नाही तर यूएलएनला ‘१’ आणि ‘०’ कशाच्या तुलनेत ते कळतच नाही.

यूएलएनमध्ये साधारण १ व्होल्ट जातो, उरलेले ४ व्होल्ट ५० ओहमवर, म्हणजे एका कॉइलला ८० मिलिअँपिअर, दोन कॉइलला १६०. हा करंट १२ व्होल्टच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरमधून ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) लावून घेत असाल तर हिशेब करा. अडॅप्टर लोडवर १४ व्होल्ट देतो असं धरलं तर ७८०५ मध्ये ९ गुणिले ०.१६, जवळपास १.४४ वॉट उष्णता. हीटसिंक नसताना टीओ-२२० पॅकेज दर वॉटला साधारण ६५ अंश चढतं, म्हणजे ९४ अंश. डिसेंबरात खोली २० अंशांवर असते, आतलं तापमान ११४, चालून जातं. मे महिन्यात आपल्या नागपूरच्या लॅबमध्ये ४२ धरा, झाले १३६, आणि कमाल मर्यादा १२५ ची. हिवाळी परीक्षेला चाललेली जोडणी उन्हाळी परीक्षेला दहा मिनिटांत दगा देते ती अशी. हीटसिंक लावा, नाही तर सरळ ५ व्होल्ट १ अँपिअरचा मोबाइल चार्जर वापरा.

दुसरं: किटवर जुना ८२५५ए असेल तर पोर्टमधून वरच्या पातळीला करंट फार थोडा मिळतो, २.४ व्होल्टची हमी २०० मायक्रोअँपिअरपर्यंतच. यूएलएनची इनपुट त्याहून जास्त मागते. ए मध्ये ०३एच भरून आउट ००एच करा आणि एचएलटी. प्रोसेसर थांबला तरी ८२५५ चं लॅच आकडा धरून ठेवतं, त्यामुळे निवांतपणे मीटर लावता येतो. आयएन१ आणि आयएन२ वर २.४ च्या बरेच खाली दिसलं तर त्या चार लाइनींना ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचे पुलअप (लाइन वर ओढणारे रेझिस्टर) लावा. २.२ किलोओहम लावू नका: लाइन खाली असताना २.३ मिलिअँपिअर पोर्टला गिळावे लागतात आणि ८२५५ए ची हमी १.७ चीच आहे.

पुलअप लावले की एक नवी गोष्ट सांभाळायची. रीसेटनंतर ८२५५ ची सगळी पोर्ट इनपुट होतात, मग पुलअप चारही लाइनी वर ओढतात आणि चारही कॉइल एकदम चालू राहतात. ३२० मिलिअँपिअर, मोटर तापते, फिरत नाही. म्हणून मोटरचा पुरवठा प्रोग्रॅम सुरू केल्यावरच द्या. कंट्रोल वर्ड लिहिताच आउटपुट लॅच शून्य होतात, तिथून पुढे सगळं प्रोग्रॅमच्या हातात.

पाचवं सेम, ईटीसी

मीटरवर २.९ आले, पुलअपची गरज पडली नाही. चार्जर लावला. फिरून राहिली मस्त, एक फेरी दहा सेकंदांच्या आसपास.

एकच शंका. शाफ्टवर कागदाचा बाण चिकटवला आणि २०४८ पावलं मोजून थांबवली. बाण दर वेळी खुणेच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. पावलं चुकत आहेत का?

टी-स्टेट

पावलं चुकली असती तर बाण मागे राहिला असता, पुढे गेला नसता. २०४८ हा आकडा गिअर ६४ ला १ धरून काढलेला आहे. या मोटरच्या बऱ्याच नगांमध्ये प्रत्यक्ष गुणोत्तर ६३.६८ च्या आसपास असतं, म्हणजे एका फेरीला साधारण २०३८ पावलं. दहा पावलं जास्त पडतात, पावणेदोन अंश. सलग दहा फेऱ्या फिरवून बघा, बाण १८ अंशांच्या जवळपास पुढे गेलेला दिसेल. तसा दिसला तर काउंट ०८००एच च्या जागी ०७एफ६एच घाला.

मोजणी बीसी जोडीत करत असाल तर डीसीएक्स बी नंतरही तीच मूव्ह ए-बी, ओआरए सी ची जोडी लागेल आणि ३३ पुन्हा पुसलं जाईल. त्यापेक्षा नमुना एच रजिस्टरमध्ये ठेवा: मूव्ह ए-एच, आउट ००एच, आरएलसी, मूव्ह एच-ए, मग कॉल डिले आणि मोजणी. मोजणी संपल्यावर एक्सआरए ए, आउट ००एच, मग एचएलटी. नाही तर शेवटच्या दोन कॉइल चालूच राहतात आणि एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) टेबलापाशी येईपर्यंत मोटर चटका बसेल इतकी तापते.