मदत हवी आहे: क्रूझवरून इजिप्त एका दिवसात, बाहेरची गाडी घ्यावी का?

निमा_पुणे
नमस्कार. पुढच्या महिन्यात क्रूझ आहे, इजिप्तला एक दिवस थांबते. जहाजाची सहल इतकी महाग आहे की तेवढ्यात आमची अख्खी गोवा ट्रिप होते. बाहेरचा एक टूरवाला निम्म्या पैशात करून देतोय. पिरॅमिड, तुतनखामनचा सोन्याचा मुखवटा, त्याची कबर आणि वेळ उरला तर खरेदी. घ्यावी का? त्याने दर उद्यापर्यंतच धरून ठेवलाय, म्हणून घाई. कृपया "गूगल करा" सांगू नका, करून झालंय.

सागरगोटा
जहाज कुठल्या बंदराला लागतंय?

निमा_पुणे
इजिप्तला. वर लिहिलंय की. कैरोच असणार.

उंटावरचा_शहाणा
ताई, कैरोला समुद्र नाही. अलेक्झांड्रिया, पोर्ट सईद, ऐन सोख्ना, सफागा यातलं काहीतरी असेल. पहिल्या दोन्हींपासून कैरो साधारण अडीच-तीन तास, ऐन सोख्नाहून त्याहून कमी. सफागा असेल तर पिरॅमिड विसरा. तिकिटावर बघा.

वाटाड्या
बंदर कुठलंही असो, बाहेरचीच गाडी घ्या. जहाजाच्या सहलीत चाळीस माणसं एका बसमध्ये, त्यातली चार कायम बाथरूममध्ये, आणि परतताना पपायरसच्या दुकानात सक्तीचा मुक्काम. आम्ही खाजगी गाडी केली होती, राजासारखे फिरलो.

सागरगोटा
वाटाड्या, तुमचं जहाज वेळेत मिळालं म्हणून राजा. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमची खाजगी गाडी वाळवंटात पंक्चर झाली तर ते निघून जातं आणि पुढचं बंदर तुम्ही स्वखर्चाने गाठायचं. निम्म्या दरातला उरलेला निम्मा भाग म्हणजे हा विमा आहे.

वाटाड्या
भीती दाखवून विकायचा धंदा आहे हा. दोन तास हातचे राखून निघायचं, झालं.

निमा_पुणे
तिकिटावर सफागा आहे. सकाळी ७ ला लागणार, संध्याकाळी ७ ला सुटणार. म्हणजे पिरॅमिड नाहीच?? टूरवाला तर "सगळं दाखवतो" म्हणाला.

उंटावरचा_शहाणा
मग तो "सगळं" या शब्दात पिरॅमिड धरत नसेल, किंवा त्याला तुमचं बंदर तुमच्याइतकंच माहीत असेल. सफागा तांबड्या समुद्रावर आहे. तिथून गाठता येतं ते लक्सर, कीनामार्गे तीन-साडेतीन तास. आणखी एक. तुतनखामनची कबर आणि मुखवटा एका जागी नाहीत. कबर लक्सरला, राजांच्या खोऱ्यात. त्याची ममी अजून तिथेच आहे. मुखवटा गिझाला, पिरॅमिडजवळच्या नव्या भव्य संग्रहालयात. त्याचं रीतसर उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये झालं. कबरीत सापडलेल्या पाच हजारांहून जास्त वस्तू आता तिथे आहेत. मुखवटा या फेरीत नाही.

आजोबा_बोरिवली
अवांतर, पण ममीसाठी एवढं लांब कशाला? बडोद्याला सयाजीरावांच्या संग्रहालयात आहे. रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी परत.

खमंग_ढोकळी
आजोबा 😀 शाकाहारींनी कोशरी खा. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा. आणि तामिया, म्हणजे तिथला फलाफल, हरभऱ्याऐवजी बाकल्याचा.

निमा_पुणे
जेवणाचं कुणी विचारलं नाहीये. लक्सरला काय काय होईल ते सांगा.

सागरगोटा
हिशोब करा. ७ ला धक्क्याला लागलं तरी खाली उतरेपर्यंत आठ. "परत चढा" वेळ सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी, तीही जहाजाच्या घड्याळाने. ते गावच्या घड्याळाशी जुळतंच असं नाही, आदल्या रात्री विचारून ठेवा. जाण्यायेण्यात सात तास गेले. हातात जेमतेम साडेतीन. त्यात कर्नाकचं देऊळ किंवा नाईलचा पश्चिम काठ, म्हणजे राजांचं खोरं. दोन्ही म्हणजे धावपळ. सोबत कोण आहे? वयं?

निमा_पुणे
मी, नवरा, आईबाबा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हे महत्त्वाचं आहे का?

सागरगोटा
अहो, हेच तर पहिल्या ओळीत हवं होतं!

उंटावरचा_शहाणा
खोऱ्यात फाटकापासून थडग्यांपर्यंत विजेच्या गाड्या असतात, तेवढं चालणं वाचतं. खरी अडचण आत उतरण्याची. साध्या तिकिटात तीन थडगी. तुतनखामन, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस यांना वेगळं तिकीट. तुतनखामनचं थडगं लहान, पण उतरावं लागतं. कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला १९२२ च्या नोव्हेंबरात सापडल्या त्या सोळा पायऱ्या, मग उताराचा बोळ. सेतीचं सगळ्यात देखणं, पण खोल आणि चढ-उताराचं. आईंना नेऊ नका. चौथ्या रामसेसचं बघा. फाटकाजवळ आहे, रुंद आणि सौम्य उताराचं, छतावर आकाशदेवता नूट. माझं मत विचाराल तर तुतनखामन नाव मोठं, भिंती थोड्या. नाव सोडलं तर चौथा रामसेस जास्त भरून देतो.

वाटाड्या
पण कर्नाक सोडून खोरं? १३४ खांबांचा तो मंडप! एकेका खांबाला चार माणसांनी मिठी मारली तरी हात पुरत नाहीत. आईंनाही सपाट जमीन. मी तर कर्नाकच म्हणेन.

उंटावरचा_शहाणा
वाटाड्याशी पहिल्यांदाच सहमत. गुडघ्यासाठी कर्नाक. त्यांना तुतनखामनच पाहायचा हट्ट असेल तर मात्र खोरं, आणि वाटेत मेमनॉनचे पुतळे गाडी थांबवून पाहता येतात. ते अमेनहोतेप तिसऱ्याचे आहेत, फुकट.

इतिहासवेडा
सफागाच्या दक्षिणेला कुसैर आहे, तिथलं जुनं बंदर म्हणजेच मायोस होर्मोस, असं अभ्यासक मानतात. इ.स. पहिल्या शतकातल्या "पेरिप्लस" या ग्रीक प्रवासनोंदीत या किनाऱ्याहून भारतापर्यंतच्या बंदरांची नावं येतात. त्यात आपलं सोपारा आहे, कल्याणही आहे. मिरी, कापूस, मलमल, सगळं इथून जायचं. त्यामुळे ज्यांना फक्त फॅरो दिसतात त्यांनी...

सागरगोटा
वेडा, नवीन धागा काढा, वाचू. निमा, पासपोर्ट कुठले?

निमा_पुणे
मी आणि नवरा अमेरिकन, आईबाबा भारतीय. का?

सागरगोटा
कारण किनाऱ्यावर उतरायला व्हिसा लागेल की नाही, हे पासपोर्टवर आणि कधीकधी सहल कुणाची यावरही ठरतं. जहाजाच्या कंपनीला आजच लेखी विचारा, चौघांचे पासपोर्ट नमूद करून. फोनवर नको. टूरवाल्याला विचारून उपयोग नाही. आणि आतल्या तिकिटांना कार्ड न्या, मोठ्या जागी खिडकीवर रोख घेत नाहीत. सुटे पैसे मात्र ठेवा. शौचालयापासून थडग्याच्या दारातल्या माणसापर्यंत बक्षीस लागतं. तो टॉर्च मारून एखादं चित्र "खास तुमच्यासाठी" दाखवेल, ते फुकट नसतं.

निमा_पुणे
पत्र लिहिलं. टूरवाल्याला नाही म्हटलं, आता तो "मॅडम आणखी पाच टक्के कमी" करतोय. जहाजाचीच घेतेय, पण त्यांच्या यादीत दोन आहेत: "लक्सर संपूर्ण" आणि "कर्नाक आरामात". कुठली?

उंटावरचा_शहाणा
"आरामात". "संपूर्ण" मध्ये बसच्या खिडकीतून दिसलेलंही मोजतात.

फिरस्ता_नाशिक
मी काय म्हणतो, अलेक्झांड्रियाला उतरलात तर पहाटेच निघून पिरॅमिड करून घ्या, मुखवटाही होईल.

सागरगोटा
वरचे प्रतिसाद वाचा हो.