म्यूझस्कोअरमध्ये पेटीच्या चाली: टाइप कराव्यात की मिडी कीबोर्डवर वाजवाव्यात?

पांढरी_दोन:
भजनाच्या चाळीसेक चाली म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाफवर (पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलिपीत) उतरवायच्या आहेत. पट्टी काळी एक (म्हणजे डी फ्लॅट हा सा), ताल बहुतेक केरवा. माऊसने एकेक सूर ठेवायला फार वेळ लागतो. २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (लॅपटॉपला जोडून सूर वाजवून भरायचा) घ्यावा का?

कोमल_ग:
आधी माऊस सोडा. एन दाबून नोट इनपुट चालू करा, आकड्याने लांबी ठरवा (५ म्हणजे क्वार्टर, पाव लांबी; ४ म्हणजे एट्थ, त्याच्या निम्मी; ३ म्हणजे सिक्स्टीन्थ, आणखी निम्मी), मग अक्षराने सूर. विरामाला ०. आकडा बदलेपर्यंत तीच लांबी चालू राहते, त्यामुळे केरव्याची मात्रा एट्थ धरली तर बराच वेळ ४ वरच निघतो.

काळी एकमध्ये थेट लिहू नका, पाच फ्लॅट (कोमलच्या खुणा) सांभाळत बसाल. सी म्हणजे सा धरून सगळं सी मेजरमध्ये टाका. शेवटी कंट्रोल+ए करून टूल्समधल्या ट्रान्सपोजने डी फ्लॅट मेजरवर न्या. कोमल ग हवा तर ई (शुद्ध ग) टाइप करून लगेच खालचा बाण.

घोळ होतो तो सप्तकाचा. नवा सूर मागच्या सुराच्या सर्वांत जवळ बसतो. सा नंतर प टाइप केला की मंद्र (खालच्या सप्तकातला) प उमटतो, कारण खाली तो चौथा आणि वर पाचवा. तिथल्या तिथे कंट्रोल+वरचा बाण, सूर एक सप्तक वर जातो.

खर्ज_सा:
मिडीने सप्तकाचा प्रश्न मिटतो, पण लांबीचे आकडे डाव्या हाताने द्यावेच लागतात. आणि पेटीवाल्यांचा हात आधीची पट्टी सोडण्याआधी पुढची दाबतो. सॉफ्टवेअर त्याला कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे सूर) समजतं, सा-रे एकावर एक चढतात. पट्टी पूर्ण सोडून मगच पुढची. ठेक्याबरोबर सलग वाजवून उतरवायच्या भानगडीत तर पडूच नका. कण-मुरक्यांचे बारीक तुकडे आणि मध्येच विराम, निस्तरण्यापेक्षा नव्याने लिहिणं बरं.

अंतऱ्याची लय मुखड्यासारखीच असेल तर ते बार कॉपी करा, नोट इनपुटच्या पेन्सिलशेजारच्या बाणातून री-पिच निवडा आणि फक्त अक्षरं दाबत जा. लांबी जागची हलत नाही.

पांढरी_दोन:
म्हणजे तूर्त लॅपटॉपच. निम्म्या चाली सिबेलियस (असंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला इथेच म्यूझस्कोअरमध्ये टाइप करायला दिल्या तर?

कोमल_ग:
आकडे वेगळे आहेत. क्वार्टर सिबेलियसच्या कीपॅडवर ४, म्यूझस्कोअरमध्ये ५, डोरिको या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ६. सवयीने ४ दाबला तर अख्खी चाल दुगुनीत (दुप्पट लयीत) उतरेल. त्यांना सिबेलियसमध्येच करू द्या, फाइल म्युझिकएक्सएमएलमध्ये (दोन्ही सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या प्रकारात) मागा.