डिफर्ड कन्सेंटला ‘कार्योत्तर संमती’ म्हणावं का?

फोंडा : नमस्कार. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात जे संशोधन चालतं, त्यावर गोव्यातल्या पालकांसाठी मराठीत लेख लिहिते आहे. डिफर्ड कन्सेंटपाशी अडले. मूल अत्यवस्थ असतं, उपचार त्याच क्षणी सुरू करायचे असतात. माहितीपत्रक वाचून दाखवायला वेळ कुठला? मग नीतिसमितीने आधी मान्य केलेल्या पद्धतीनुसार मुलाला अभ्यासात घेतात आणि ते सावरल्यावर पालकांना विचारतात. ‘विलंबित संमती’ लिहिलं तर कुणीतरी हलगर्जी केल्यासारखं वाटतं. दुसरं काय म्हणता येईल?

साखळी : ‘कार्योत्तर संमती’ म्हणा की! कार्योत्तर मंजुरी पंचायतीपासून सचिवालयापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. शब्द तयारच आहे.

म्हापसा : साखळीकर, तयार आहे म्हणूनच नको. कार्योत्तर मंजुरी म्हणजे काम झालं, पैसे गेले, आता फक्त ठराव घ्यायचा. तिथे ‘नाही’ म्हणायला जागाच उरलेली नसते. इथे ती असायलाच हवी. ब्रिटनमधला ऑक्सी-पीआयसीयू अभ्यास पाहा. व्हेंटिलेटरवरच्या मुलांच्या रक्तातला ऑक्सिजन 88 ते 92 टक्के ठेवायचा की 94च्या वर, हा प्रश्न होता. दोन्ही पद्धती डॉक्टर एरवीही वापरत होतेच. 2,040 मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली गेली, पण पालकांची संमती मिळाली 1,872 मुलांसाठी. बाकीच्यांची माहिती निकालात धरली नाही. नंतर विचारण्याला एवढं वजन असतं. तुमच्या शब्दात ते कुठे दिसतं?

साखळी : पटलं. मागे घेतो.

पणजी : मी बालरोग विभागात परिचारिका होते. ‘बांबोळीला न्या’ असं खालच्या दवाखान्यातून सांगितलं की घरच्यांचा धीर तिथेच सुटतो. तिथल्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पोचेपर्यंत त्यांना एकच शब्द ऐकू येतो, ‘सही’. संमती आणि सही यांतला फरक त्या घटकेला कुणी समजावू शकत नाही, आणि समजावला तरी तो डोक्यात शिरत नाही. कोंकणीत बोलणाऱ्यांना ‘मान्यताय’ जवळचा वाटतो, पण मराठीत ‘मान्यता’ म्हटलं की शाळेची किंवा संस्थेची आठवते. म्हणून माझं मत, विशेषण शोधत बसू नका. ‘नंतर विचारून घेतलेली संमती’ लिहा. लांब आहे, पण त्यात ‘विचारून’ आहे.

पेडणे : ताईंशी सहमत. आणखी एक घोळ आधीच निस्तरा, असेंटचा, म्हणजे रीतसर संमतीहून वेगळ्या, साध्या होकाराचा. पूर्व आफ्रिकेतला फीस्ट अभ्यास, 2011 साली प्रसिद्ध झालेला. ताप आणि रक्ताभिसरण बिघडलेल्या मुलांना शिरेतून झपाट्याने द्रव दिलं तर मृत्यू कमी होतील असा समज होता, निघालं उलट : 48 तासांतलं मृत्युप्रमाण द्रव दिलेल्या गटांत साधारण साडेदहा टक्के, न दिलेल्यांत 7.3. असा अभ्यास झालाच नसता तर तो समज तसाच चालू राहिला असता. तिथे लेखी संमतीला वेळ नसेल तेव्हा पालकांकडून तोंडी असेंट घेत, लेखी नंतर. म्हणजे असेंट पालकांचा. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांत असेंट मुलाचा : 7 ते 12 वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे 18पर्यंत लेखी. दोन्हींना ‘अनुमती’ लिहिलंत तर वाचणारा गोंधळेल. पहिल्याला ‘तात्पुरता होकार’, दुसऱ्याला ‘मुलाचा होकार’ ठेवा. ‘रुकार’ मला फार आवडतो, पण आजच्या तरुण आईवडिलांना तो अडेल.

फोंडा : सगळ्यांचे आभार. मसुदा असा करते : ‘उपचार सुरू करताना तुम्हाला विचारायला वेळ नव्हता. मूल सावरल्यावर आम्ही विचारू. तुम्ही नाही म्हणालात तर मुलाची माहिती अभ्यासात धरणार नाही, आणि उपचारात काहीही फरक पडणार नाही.’

पणजी : छान. पण ‘सावरल्यावर’ काढा. प्रत्येक मूल सावरत नाही, आणि ज्यांचं गेलं त्या आईवडिलांनाही पुढे कधीतरी हे विचारावं लागतं. हा कागद त्यांच्याही हाती पडेल. ‘घाईची वेळ टळल्यावर’ हेही त्यांना लागू नाही. नुसतं ‘नंतर आम्ही विचारू’ पुरे.