अनुभव धागा : पहिला पाना तुमच्या हातात कोणी दिला?

मी सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. आता निवृत्त होऊन रत्नागिरीजवळ गावी असतो. गेल्या महिन्यात बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. आयटीआयनंतर एका कारखान्यात त्याने वर्षभर अप्रेंटिसशिप केली होती. काय काय शिकलास म्हणून विचारलं, तर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, स्टोअरमध्ये कुठला माल कुठल्या रॅकला असतो ते सगळं पाठ आहे." चांगला हात होता या मुलाचा. फाईल म्हणजे कानस मारली की पृष्ठभाग असा यायचा की गुण्या लावून बघितला तरी उजेड दिसायचा नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

त्याच बॅचचा दुसरा एक मुलगा आज पंपाचे मेकॅनिकल सील एकटा बदलतो. दोघांना लागू असलेला कायदा एकच, १९६१चा शिकाऊ उमेदवार अधिनियम. विद्यावेतनही जवळपास सारखंच. फरक एवढाच, की दुसऱ्याला तिथे कोणीतरी जवळ बोलावून काम हातात दिलं.

म्हणून हा धागा. कोकणात किंवा कोकणातून बाहेर जाऊन ज्यांनी कुठेही उमेदवारी केली, त्यांनी लिहा : खरं काम तुमच्या हातात पहिल्यांदा कोणी आणि कधी दिलं? ज्यांनी मुलं ठेवली, त्या मालकांनी आणि कारागिरांनीही लिहा. तुमच्या अडचणी मला ऐकायच्या आहेत. तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, घडलं ते सांगा.

लोटे परशुराम, केमिकल प्लांट ऑपरेटर

सर, मी एओसीपी केलं, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट. अप्रेंटिस म्हणून लागलो त्या दिवशी शिफ्टच्या सीनियर ऑपरेटरनी मला रिअ‍ॅक्टरकडे नेलंच नाही. गेटच्या आत उभं करून विचारलं, "वारा कुठून येतोय?" मला सांगता येईना. त्यांनी वर फडफडणारी विंडसॉक दाखवली. गॅस सुटला तर वारा जिकडे जातो तिकडे पळायचं नाही, गळतीच्या अंगावरही जायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं. आजही कामावर आलो की पहिली नजर तिकडेच जाते.

नंतर तीन महिने लॉगशीट. दर तासाला तापमान आणि दाब लिहायचा. एका रात्रपाळीला मी जागेवर न जाता आधीचाच आकडा पुढे ओढला. त्यांनी पान बघितलं आणि सही केली नाही. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या पाळीचा माणूस हा आकडा खरा धरून व्हॉल्व्ह उघडणार आहे. त्याला घरी बायकोपोरं आहेत." मी खाली जाऊन खरं रीडिंग घेऊन आलो.

सातव्या महिन्यात कूलिंगचा व्हॉल्व्ह त्यांनी मला उघडायला दिला. स्वतः मागे हात बांधून उभे राहिले. तापमान चढताना दिसत होतं, तरी त्यांनी हात पुढे केला नाही. ती चार मिनिटं माझ्या उमेदवारीतली सगळ्यात मोठी.

देवगड, बोटीचा इंजिन मेकॅनिक

माझ्याकडे कसलंही सर्टिफिकेट नाही. चौदाव्या वर्षी बंदरावर मेस्त्रींकडे लागलो. पगार नव्हता. दुपारचं जेवण आणि शनिवारी हातखर्चाला थोडे पैसे.

पहिला पावसाळा मला चांगला आठवतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढतात, झापांनी शाकारतात आणि इंजिनं खोलतात. आमचा शिकायचा मोसम तोच. मेस्त्री मला पान्याला हात लावू देत नसत. म्हणायचे, "झिला, आधी आवाज आयक, मगे पानो धर." इंजिन चालू करायचे आणि मला डोळे मिटायला लावायचे. कुठला सिलिंडर मारत नाही, ते नुसतं ऐकून सांगायचं. चुकलो की इंजिन बंद करून चहाला जायचे. बरोबर आलं की पुन्हा चालू.

मग डिपस्टिक. तेल दुधाळ दिसलं की समज, पाणी शिरलं. इंजिन फिरवायचं नाही, आधी पाणी कुठून आलं ते शोधायचं. डिझेलच्या लाईनीत हवा भरली तर ती काढायची कशी, हे त्यांनी मला किनाऱ्यावर शिकवलंच नाही. बारा वावात, म्हणजे खोल समुद्रात नेलं, इंजिन बंद केलं, लाईनीचा नट स्वतःच सैल केला आणि म्हणाले, "आता तूच घराक ने." बोट लाटांवर आडवी झाली होती. मला उलट्या होत होत्या. पाऊण तास लागला, पण इंजिन लागलं.

आज माझ्याकडे दोन पोरगे आहेत. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात पाना देतो. मेस्त्रींची सगळी पद्धत मला पटत नाही. पोरग्याला वर्षभर फुकट राबवणं तेव्हा चालायचं, आता चालू नये. पण डोळे मिटून ऐकायला मात्र मीही लावतो.

धागाकर्ता

मेस्त्री, तुमच्यासारख्यांच्या कामावर शिक्का मिळायची सोय आता आहे. पूर्वकौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात, शाळेत परत बसावं लागत नाही. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा. आणि 'बारा वावात' वाचून माझ्या अंगावर काटा आला. माझ्या वर्कशॉपमध्ये मी कुणाला असं सोडलं नसतं, पण तुम्ही ते विसरला नाहीत हेही खरंच.

नाव नको, बस दुरुस्तीची कार्यशाळा

मोटार मेकॅनिक ट्रेड. बॅचमध्ये आम्ही दोनच मुली. पहिल्या दिवशी सांगितलं, मुलींनी ऑफिसात बसून नोंदी करा, खाली कपडे खराब होतील. कपडे बदलायला खोलीच नव्हती, त्यामुळे त्यांना कारणही आयतं मिळालं. तीन महिने मी रजिस्टर भरलं. माझ्या बरोबरचे मुलगे तोवर चाकं उतरवत होते.

चौथ्या महिन्यात निवृत्तीला आलेले एक मेकॅनिक काका मला म्हणाले, "डॉकिंगला माणूस कमी आहे, पिटात उतरतेस का?" डॉकिंग म्हणजे बसची ठरावीक देखभाल, आणि पिट म्हणजे बसखाली उभं राहून काम करायचा खड्डा. दुसऱ्या दिवसापासून मी घरूनच डांगरी घालून यायला लागले. काकांनी मला ब्रेक शिकवले. घाट उतरून गाडी आली की चाकाजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही, नुसती धग बघायची. सगळे ड्रम साधारण सारखे तापलेले हवेत. एखादा फार तापला असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. आणि एखादा थंड असेल तर ते जास्त वाईट, कारण तो ब्रेक धरतच नाही आणि त्याचा भार बाकीचे ओढतायत. पुस्तकात लायनरची जाडी किती ते होतं, हे नव्हतं.

एका संध्याकाळी मागचा डावा ड्रम मला थंड लागला. काकांना बोलावलं. त्यांनी हात नेला, मान हलवली आणि गाडी मार्गावरून काढायला सांगितलं. ड्रायव्हर चिडला होता, प्रवासी बसलेले होते. खोलल्यावर लायनर तेलाने माखलेलं निघालं. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "हिने पकडलं." त्यानंतर मला कुणी ऑफिसात पाठवलं नाही.

अखिल भारतीय व्यवसाय चाचणी पास झाले, राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळालं. पण माझ्याबरोबरची मुलगी दुसऱ्याच महिन्यात सोडून गेली होती. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. कपडे बदलायला एक खोली असती तर ती राहिली असती, असं मला अजून वाटतं.

वेंगुर्ला तालुका, काजू प्रक्रिया

मी मालक आहे, चौदा जणी कामाला. तीस किंवा जास्त माणसं असलेल्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. माझ्यासारख्या लहानाला सक्ती नाही, पण चार ते एकोणतीस माणसांच्या युनिटलाही स्वखुशीने घेता येतात. मला हे कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. २०१६ पासून केंद्राची योजना आहे. नोंदणीकृत उमेदवाराच्या विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा सरकार उचलतं, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करताना पहिल्यांदा फार डोकं खाल्लं, भाचीला बसवून केलं.

आता मूळ प्रश्नाचं. नवी बाई आली की मी तिला साल काढायलाच बसवायची. कटरवर नाही. भीती तुकड्याची. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात केवढा फरक! ३२० नंबर म्हणजे पाउंडात तीनशे ते तीनशे वीस अख्खे गर, तो माझा चालणारा माल. शिकाऊ हाताने फोडला तर तोटा माझा. दुसरी भीती तेलाची. टरफलातलं तेल उडालं की कातडी सोलते, हातमोजे घालूनच बसायला हवं, आणि गरमीत पोरी ते काढतात.

पण कटरवरच्या माझ्या दोन्ही बायका एकाच वेळी बाळंतपणाला गेल्या, तेव्हा डोळे उघडले. कोणालाच येत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येकीला पहिल्या महिन्यातच कटरवर बसवते. आधी गावठी बारीक बी, मग वेंगुर्ला सात या जातीची मोठी बी, कारण दोन्हीला पाती वेगळी लावावी लागते. पहिल्या पंधरवड्यातला तुकडा मी खर्चात धरते.

एक दुखणं सांगते. शिकवलेली एक मुलगी वर्ष संपताच शेजारच्या युनिटला गेली. मला फार लागलं. नंतर हिशोब केला तर तिकडे तिला दिवसाला साठ रुपये जास्त होते. मी बाकीच्यांची मजुरी वाढवली.

रायगड, एक वडील

माझ्या मुलाचं बोट पॉवर प्रेसमध्ये गेलं. कंपनी म्हणाली, हा आमच्या पटावर नाही. ठेकेदार म्हणाला, हा ट्रेनी आहे, कामगार नाही. करार विचारला तर कोऱ्या कागदावर मुलाची सही निघाली. लिहायला एवढंच आहे. इतरांनी काळजी घ्यावी.

धागाकर्ता

दादा, वाचून फार वाईट वाटलं. सगळ्यांसाठी स्पष्ट लिहितो. शिकाऊ उमेदवार 'कामगार' नसतो हे खरं, पण कामावर इजा झाली तर भरपाई द्यायची जबाबदारी मालकाचीच. शिकाऊ कायद्याच्या सोळाव्या कलमात तसं आहे. भरपाई २०२५पर्यंत १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे होती, आता त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. कारखान्यातल्या सुरक्षेच्या तरतुदीही त्याला लागू असतात. शिकाऊ उमेदवारी सल्लागार म्हणजे सरकारी अधिकारी, त्याच्या परवानगीशिवाय ओव्हरटाईम करून घेता येत नाही. पण हे पदरात पाडायचं तर करार पोर्टलवर नोंदलेला हवा. रुजू होण्याआधी कराराचा क्रमांक मागा आणि स्वतः तपासा. दादा, तुमचं प्रकरण घेऊन जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयात जायचं असेल तर मी तुमच्याबरोबर येतो. व्यक्तिगत निरोप करा.

मसुरे, निवृत्त पाईप फिटर

१९७९ला माझगाव डॉकच्या अप्रेंटिस स्कूलला लागलो. गिरगावात आमच्या गावकीच्या खोलीत राहायचो, एका खोलीत अठरा जण. जहाजाच्या पोटात पाईप कसा वळेल ते आमचे उस्ताद आधी तारेने वाकवून दाखवत, मग पाईपला हात. कोकणातल्या किती घरांत त्या विद्यावेतनातून मनीऑर्डर गेली असेल! माझ्या बहिणीचं लग्न त्यात झालं.

कुडाळ, पदवीधर

मी मुख्यमंत्र्यांच्या कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात होते. महिना दहा हजार, सहा महिने आणि पुढे वाढवलेले पाच. संगणकावरची कामं शिकले, लोकांशी बोलायला शिकले. संपल्यावर कळलं की ही शिकाऊ कायद्याखालची अप्रेंटिसशिप नव्हे, त्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र यात मिळत नाही. हे आधी सांगितलं असतं तर मी दुसरा विचार केला असता. दोन्ही एकच समजणारे माझ्यासारखे खूप आहेत.

खेड, कारखान्यात मनुष्यबळ विभाग

आमच्या बाजूनेही सांगते. घट्ट शेड्यूल असलेल्या प्लांटमध्ये शिकवायला वेळ कुणालाच नसतो. शिफ्ट इन्चार्जला उत्पादनाचा आकडा द्यायचा असतो, पोरगा काय शिकला ते कुणी विचारत नाही. आमच्याकडे मी एक छोटी वही सुरू केली. प्रत्येक उमेदवाराची कामांची यादी, आणि काम स्वतः करून दाखवलं की ज्याने शिकवलं त्याची सही. सह्या भरलेल्या ऑपरेटरचं नाव वार्षिक मूल्यमापनात येतं. त्यानंतर मुलं स्टोअरमध्ये पडून राहायची बंद झाली.

दुसरी अडचण गणपती आणि शिमगा. पालखी आली की अर्धी शिफ्ट गायब. पूर्वी भांडणं व्हायची. आता मोठी दुरुस्ती आम्ही गणपतीच्या तोंडावर संपवतो आणि मुलांना पाच दिवस मोकळे करतो. दुरुस्तीत सगळं खोललेलं असतं, त्यामुळे शिकायलाही तेच दिवस उत्तम.

वर्षानंतर नोकरी द्यायचं बंधन कायद्यात नाही, हे मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते. पण २०१४च्या दुरुस्तीपासून भरतीचं स्वतःचं धोरण प्रत्येक मालकाने ठरवायचं आहे. मुलाखतीला जाल तेव्हा ते धोरण काय आहे, हे विचारा. राग येणार नाही कुणाला.

देवगड, बोटीचा इंजिन मेकॅनिक

सर, तुमचा तो स्टोअरवाला विद्यार्थी सध्या काय करतो? १ जूनला बोटी वर येतील. शाफ्ट आणि गिअरबॉक्सची कपलिंग जुळवायला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नीट वाचणारा माणूस मला इकडे मिळत नाही, मी अंदाजावर करतो. दोन महिने राहायची सोय माझ्या घरी. मजुरी देईन, फुकट नाही. इंजिन मी शिकवतो, मोजमाप त्याने आमच्या पोरग्यांना शिकवावं.

धागाकर्ता

मेस्त्री, आत्ताच फोन केला. त्याने दोनच प्रश्न विचारले : बोट लागते का, आणि स्वतःची फाईल आणू का. आणायला सांगितलं आहे.