दादाला कोर्टातून 'वेडा' ठरवून घ्या म्हणतायत, मग सही लागणार नाही म्हणे. वकील मंडळी सांगा जरा

धाकटा_निफाड
मोठा दादा 46 वर्षांचा, वीसेक वर्षं स्किझोफ्रेनिया. गोळ्या चालू आहेत, गेली सहा-सात वर्षं एकदम बरा, सकाळी दूध आणतो, पेपरातलं कोडं सोडवतो, फक्त घरात चार पाहुणे आले की आत जाऊन बसतो. बाबा मार्चमधे गेले, फेरफार होऊन सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं लागली. मला बागेसाठी कर्ज काढायचंय त्यामुळे जमीन माझ्या एकट्याच्या नावावर असली तर बरं. आई हक्कसोडपत्र द्यायला तयार आहे, दादाचं काय करायचं? काका म्हणतात फाईल जुनी आहे, वेडा म्हणून सर्टिफिकेट घे, काम सोपं होईल. खरंय का?

गणूभाऊ
नॅशनल ट्रस्टमधून गार्डियनशिप घ्या, कलेक्टर ऑफिसला होतं. माझ्या साडूने घेतली.

काळाकोट_नाशिक
गणूभाऊ थांबा. नॅशनल ट्रस्टचा तो 1999 चा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, स्किझोफ्रेनिया त्यात येत नाही. साडूंची केस वेगळी असणार.

धाकटे, आता तुमचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 3 मधे स्पष्ट लिहिलंय की आजाराचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप 'अनसाउंड माइंड' होत नाही, तसं सक्षम कोर्टाने ठरवावं लागतं. डॉक्टरांची जुनी फाईल म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. आणि करार कायद्याचं कलम 12 तर 1872 पासून सांगतंय की एरवी मन ठिकाणावर नसलेला माणूससुद्धा ज्या वेळी ठिकाणावर असतो त्या वेळी करार करू शकतो. म्हणजे प्रश्न एवढाच, की सही करताना दादाला कळतंय का कशावर सही करतोय आणि त्याने आपलं काय जातंय. कोडं सोडवणाऱ्या माणसाला बहुतेक कळत असणार. आणि कळत असेल तर नाही म्हणायचाही हक्क त्याला आहे, हे काकांना सांगा.

आता जरा कडू बोलतो. असे कागद घेऊन घरचे माझ्याकडे येतात, फी तेच देतात, बोलतात पण तेच, आणि ज्याची सही हवी तो बाहेर बाकावर बसलेला असतो. मी आधी त्याला आत घेतो आणि बाकीच्यांना बाहेर चहाला पाठवतो. एकदा विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे फुकट वकील देणाऱ्या सरकारी ऑफिसकडून, एका हॉस्पिटलात गेलो होतो, एका बाईंना डिस्चार्ज मिळत नव्हता. मी कलमं वगैरे घोकून गेलेलो, विचारलं तुम्हाला काय पाहिजे, तर म्हणाल्या "माझा चष्मा. कपाटात ठेवलाय त्यांनी, अकरा दिवस झाले." आधी चष्मा मिळवला, मग डिस्चार्जचं बोललो. तोवर त्यांना माझा कागदच वाचता येत नव्हता हो, कुणाच्या लक्षातच नाही!

तर दादासाठी वकील वेगळा करा, तुमचा नको, कारण फायदा तुमचा होतोय. मानसिक आजाराचं अपंगत्व प्रमाणपत्र असेल तर प्राधिकरणाकडून फुकट मिळेल. दस्ताच्या आसपास मानसोपचारतज्ज्ञाकडून आत्ताच्या स्थितीचा दाखला घ्या, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी दस्तच आव्हानाला नेईल. आणि खरंच समजत नसेल तर वेडा ठरवून सही टाळायची असा रस्ताच नाही. वाटणीच्या दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 32 नियम 15 प्रमाणे कोर्ट आधी चौकशी करतं, मग त्याच्यासाठी पालक नेमतं, आणि तो पालक तुमच्या नाही, त्याच्या बाजूने उभा राहतो.

दोन_गोळ्या_रात्री
मी दादाच्याच बाजूची, बायपोलर. दोनदा ॲडमिट झालेय, दुसऱ्या वेळी भावाने. तेव्हा सही करायला लावली आणि नंतर म्हणाले हिला काही कळत नव्हतं. अहो मग सही कशाला घेतली 😀 बरी झाल्यावर साध्या कागदावर मैत्रिणीला माझी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमून टाकलं, त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 14, स्टॅम्पपेपर लागत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर माझ्या वतीने ती बोलेल. दादालाही विचारा त्याला कोण हवंय, भाऊच हवा असं काही नाही. आणि काकांना सांगा 'वेडा' म्हणू नका, ऐकू येतं आम्हाला आतल्या खोलीत.

धाकटा_निफाड
ऐकू येतं हे वाचून जरा गप्पच झालो. काल रात्री जेवल्यावर दादाला सगळं सांगितलं, आई होती फक्त. त्याने सातबारा मागितला, चष्मा लावून दोनदा वाचला, मग म्हणाला विहिरीकडचा अर्धा एकर माझ्या नावावर राहू दे, बाकी तू घे, आणि कर्ज किती काढतोयस ते आधी सांग. आकडा सांगितला तर म्हणाला जास्त होतंय. बाबापण हेच म्हणाले असते च्यायला. सोमवारी प्राधिकरणाच्या ऑफिसला जातोय, तो पण येतोय.