दाढेत कॉम्पोझिट भरलंय, चावताना कळ येते, काय करू?

हळदवाला_सांगली
नमस्कार मंडळी, चार दिवस झाले खालच्या दाढेत पांढरं सिमेंट भरून, डॉक्टर म्हणाले कॉम्पोझिट आहे, निळी लाइट मारली आणि लगेच जेवा म्हणाले. गार पाण्यानं झिणझिणतंय ते चालवून घेतलं, पण काल भडंग खाताना नेमका शेंगदाणा त्या दाढेखाली आला आणि डोळ्यातनं पाणीच आलं की वो. आई म्हणते चांदी भरायचीस, माझी वीस वर्षं हाय तशी हाय. शिवाय मी हळदीच्या गोदामात कामाला, ते पिवळं पडंल का?

मिरजेची_दातवाली
दादा, चावल्यावरच कळ म्हणजे बहुतेक फिलिंग केसभर उंच राहिलंय. जबडा बधिर असताना "बरोबर लागतंय का" विचारलं की सगळेच मान डोलवतात 😄 परत जा, निळा कागद चावायला देतील, डाग गडद पडेल तिथं घासायचं, पाच मिनिटांचं काम. गारानं झिणझिणणं आठवडा-दोन आठवडे चालतं, पण रात्री आपोआप ठणका लागला तर थांबू नका.

आणि ते सिमेंट नव्हे हो. रेझिनमध्ये काचेची बारीक पूड असते, निळ्या लाइटनं ते कडक होताना जरा आकसतं, म्हणून साधं मटेरियल 2 मिमीच्या थरांनी भरत प्रत्येक थरावर लाइट मारायची, एकदम कोंबलं तर तळाशी कच्चं राहतं आणि कडेनं फट पडते. थुंकी लागली तर धड चिकटतच नाही, तोंडात कापसाचे बोळे कोंबतो ते त्यासाठीच.

हळदीचा रंग धरतो, पण पॉलिश केलं की बराचसा जातो. आणि मागच्या दाढेला बघायला कोण येतंय?

गणू_कृष्णाकाठ
चांदी टिकते हे खरंय, पण त्यात निम्मा पारा असतोय, युरोपात 2025 पासून अपवाद सोडता बंद केलीय. म्हणून आईची काढायला लावू नको बरं का, चांगली बसलीय तर राहू दे, उकरतानाच वाफ जास्त उठते.

हळदवाला_सांगली
जाऊन आलो. कागदावर एकाच जागी हा एवढा निळा ठिपका, दोनदा घासलं, पैसे पण घेतले नाहीत. येताना भडंगाचा पुडा आणलाय, आई म्हणते आधी दुसऱ्या बाजूनं खा.