मदत हवी आहे: 'रिंग फिट' घ्यावं का?

मंडळी, निन्टेन्डो स्विच या गेम-कन्सोलवरचं व्यायामाचं गेम 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' (२०१९) सेकंडहँड मिळतंय. एक जॉय-कॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) सोबतच्या रिंगमध्ये, दुसरा मांडीला पट्ट्याने. रिंग दाबली-ताणली की सेन्सर जोर मोजतो. कल्पना भारीच, पण असल्या आगळ्या कंट्रोलर्सचा इतिहास आठवून हात आखडतोय. १९८९चा पॉवर ग्लोव्ह (हातमोज्यासारखा कंट्रोलर) दिसायला जबरदस्त, खेळायला डोक्याला ताप. अंगाच्या हालचाली टिपणाऱ्या २०१०च्या कायनेक्ट कॅमेऱ्याची पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विक्री, आणि २०१७मध्ये उत्पादन बंद! निन्टेन्डोच्याच वी कन्सोलचा, हातात धरून हलवायचा रिमोट मात्र मला खरंच नवा वाटला. आजी-आजोबाही बोलिंग खेळले.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी सांगा: नव्याची नवलाई ओसरल्यावरही वापरता का? खालच्या मजल्यावरचे वैतागू नयेत म्हणून धावण्याऐवजी बैठकांचा शांत मोड आहे म्हणे, त्यात मजा राहते का? आणि जुनी रिंग घेताना काय तपासू?